बोललेल्या उत्तराचं भाडं

मुंबईत १९९६ साली व्ही. एस. एस. मणी यांनी 'जस्टडायल' सुरू केलं, तेव्हा बहुतेक घरांत इंटरनेट नव्हतं. लँडलाइन होता. नंबर फिरवायचा, पलीकडच्या मुलीला सांगायचं की गोरेगाव पूर्वेला फ्रिज दुरुस्त करणारा हवाय, आणि ती दोन-चार नावं नि फोन नंबर सांगायची. विचारणाऱ्याला सगळं फुकट. पैसे भरायचे ते दुकानदाराने, आणि पैसे भरणाऱ्याचं नाव न भरणाऱ्याच्या आधी. पुढे वेबसाइट आली, ॲप आलं, २०१३ मध्ये कंपनीचा शेअर बाजारात आला, २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने तिच्यातला मोठा हिस्सा विकत घेतला. धंद्याचा गाभा मात्र तोच राहिला: विचारणाऱ्यापर्यंत आधी पोचणारं नाव भाड्याने द्यायचं.

व्हॉइस सर्चमुळे ऑनलाइन जाहिरातींचं उत्पन्न बुडेल का, या प्रश्नावर गेली दहा वर्षं बरीच शाई आणि बरीच स्लाइड खर्ची पडली आहे. युक्तिवाद साधारण असा असतो: लोक बोलून विचारतील, यंत्र बोलून उत्तर देईल, स्क्रीन उरणार नाही, मग जाहिरात दाखवणार कुठे? ही काळजी मला अनाठायी वाटते. बोललेल्या उत्तराला गिऱ्हाईक असतं, हे मुंबईत तीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. महसूल बुडणार नाही. आज उत्तराच्या शेजारी उभी असलेली जाहिरात उत्तराच्या आत जाऊन बसेल, आणि घोर लागायला हवा तो याचा.

आधी पैसा येतो कुठून ते बघू. अल्फाबेट या गुगलच्या मूळ कंपनीचा २०२४ चा एकूण महसूल सुमारे ३५,००० कोटी डॉलर होता. त्यातले जवळपास १९,८०० कोटी डॉलर, म्हणजे निम्म्याहून जास्त, सर्च आणि त्याच्याशी निगडित जाहिरातींचे. या जाहिराती लिलावाने विकल्या जातात. तुम्ही 'ठाणे प्लंबर' असं टाइप केलं की तेवढ्या क्षणात त्या शब्दांवर बोली लागते, वरच्या दोन-चार जागा भरतात आणि तुम्ही दाबाल त्या जाहिरातीचे पैसे कापले जातात. बोलीत जाहिरातीचा दर्जाही धरला जातो, पण तो तपशील बाजूला ठेवू. महत्त्वाचं हे की जाहिरातीवर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं, तिच्याखाली बिनपैशाचे निकाल असतात, आणि अंगठ्याने खाली सरकायचं की नाही हे तुमच्या हातात असतं.

आता २०२० सालापर्यंत निम्मे सर्च आवाजी होतील, या भाकिताबद्दल. मार्केटिंगवाल्यांच्या सादरीकरणांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरत होतं. त्याचं मूळ शोधत गेलं की २०१४ सालची अँड्र्यू एन्जी यांची मुलाखत सापडते. ते तेव्हा चीनच्या बायडू या सर्च कंपनीत होते आणि पाच वर्षांत निम्मे सर्च 'आवाज किंवा चित्र' यांतून होतील असं म्हणाले होते. चित्र गळालं, बायडू गळालं, आकडा उरला. २०२० उजाडलं, गेलं, आणि गुगलचा सर्चमधला पैसा वाढतच राहिला.

या सगळ्या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. बोलून विचारणं एक, आणि ऐकून उत्तर घेणं दुसरं. भारतात पहिली गोष्ट केव्हाच झाली. देवनागरी टाइप करायचा कंटाळा, रोमन लिपीत मराठी लिहायची अडचण, आणि २०१६ नंतर जिओमुळे स्वस्त झालेला डेटा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टाइप करायची सोय दिली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात जिओफोनवर गुगलचा बोलणारा मदतनीस, म्हणजे असिस्टंट आला, २०१८ मध्ये तो मराठी शिकला. २०१९ मध्ये तर लखनौ आणि कानपूरच्या व्होडाफोन-आयडिया ग्राहकांसाठी असा फोन नंबर काढला गेला, ज्यावर इंटरनेटशिवाय साधा कॉल करून असिस्टंटला विचारता येत होतं. पण स्मार्टफोनवर 'जवळचा दवाखाना' असं बोलून विचारणाऱ्याला उत्तर स्क्रीनवरच दिसत होतं, जाहिरातींसकट. तोंडाने विचारलं आणि डोळ्याने वाचलं, तर जाहिरातीचं काहीच बिघडत नाही. उलट टाइप न करणारी नवी माणसं बाजारात येतात.

दुसरी गोष्ट, ऐकून उत्तर घेणं, आता कुठे मूळ धरते आहे. गाडीत, हेडफोन लावून स्कूटरवर (तो लावू नये, पण लोक लावतात), स्वयंपाक करताना, टीव्हीच्या रिमोटवर, आणि ज्यांना वाचायला त्रास होतो अशा सगळ्यांच्या हातात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गुगलचं गप्पा मारणारं जेमिनी लाइव्ह मराठीत बोलू लागलं. आता यंत्र निकालांची यादी देत नाही, तोंडी उत्तर देतं. कान यादी ऐकून घेत नाही. तिसऱ्या नावापर्यंत पहिलं विसरायला होतं. म्हणून बोलणाऱ्या यंत्राला एकच नाव सांगायचा मोह होतो, फार तर दोन.

एकच नाव सांगितलं तर लिलावाचं काय होतं? मनातल्या मनात एक हिशेब करून बघा. ठाण्यातल्या चार प्लंबरांनी एका क्लिकसाठी ४०, ३०, २० आणि १० रुपयांची बोली लावली, आणि स्क्रीनवर जाहिरातीच्या तीन जागा आहेत. या लिलावात प्रत्येकाला साधारण आपल्या खालच्याच्या बोलीइतके पैसे द्यावे लागतात. पहिला ३० देतो, दुसरा २०, तिसरा १०. समजा पहिल्यावर दहा क्लिक आले, दुसऱ्यावर सहा, तिसऱ्यावर चार. कंपनीचे झाले ४६० रुपये, आणि तीन प्लंबरांना काम मिळण्याची शक्यता. आता स्क्रीन काढून टाका. एकच नाव सांगितलं जातं, काही लोक वैतागून फोनच करत नाहीत, म्हणून वीसच्या जागी पंधरा कॉल धरू. पहिला प्रत्येक कॉलला ३० देतो. झाले ४५०. कंपनीचे दहा रुपये गेले. दुसऱ्या-तिसऱ्या प्लंबरचा सगळा धंदा गेला.

आणि ते दहा रुपयेही फार दिवस जाणार नाहीत. जागा तीन असतात तेव्हा हुशार प्लंबर बोली आखडती घेतो. दुसऱ्या क्रमांकावर स्वस्तात भागतंय तर वरच्यासाठी कशाला मरायचं? जागा एकच झाली की हा पर्याय संपतो. दुसरा येणं म्हणजे काहीच न मिळणं. मग तीसवाला बत्तीसवर जातो, पहिल्याला कॉलमागे ३२ द्यावे लागतात, आणि कंपनीच्या गल्ल्यात पडतात ४८०. आकडे मी सोयीचे घेतले आहेत हे उघड आहे, पण दिशा खरी आहे. दुर्मीळ जागेचं भाडं चढतं. जागामालकाला एक भाडेकरूही पुरतो.

हे काल्पनिक वाटत असेल तर ॲमेझॉनकडे बघा. 'ॲमेझॉन्स चॉइस' हा शिक्का आज वेबसाइटवर सगळीकडे दिसतो, पण २०१५ मध्ये तो आला तो अलेक्साच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या स्पीकरमधून बोलणाऱ्या मदतनिसाच्या सोयीसाठी. स्पीकरला 'बॅटरी मागव' म्हटलं तर शंभर प्रकारच्या बॅटऱ्या वाचून दाखवता येत नाहीत, म्हणून एक निवडून ठेवायची. ती कोण निवडतं, कशाच्या आधारावर, आणि त्यासाठी विक्रेत्याकडून पैसे घेतले जातात का, असं पत्र २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन सिनेटरांनी कंपनीला लिहिलं. जगातलं सर्वांत मोठं दुकान, आणि फळीवर एकच वस्तू.

कुणी म्हणेल, पण अलेक्सा तर तोट्यात गेली! गेली, आणि चांगलीच गेली. २०२२ मध्ये त्या विभागाचा वर्षाचा तोटा १,००० कोटी डॉलरकडे चालल्याच्या बातम्या आल्या. त्याआधी २०१८ मध्येच एक बातमी होती की अलेक्सा घरात असलेल्यांपैकी जेमतेम दोन टक्के लोकांनी बोलून खरेदी केली आहे. लोक गाणी लावत होते, गजर लावत होते, पाऊस येईल का विचारत होते. पण यातून आवाजात पैसा नाही असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. पैसा नव्हता तो आज्ञा पाळणाऱ्या यंत्रात. 'गजर लाव' या वाक्याला जाहिरातदार कोण मिळणार? 'आईचे गुडघे दुखतात, काय करू' या वाक्याला शंभर मिळतील. बोलणारी नवी यंत्रं दुसऱ्या प्रकारची संभाषणं करतात, आणि म्हणूनच ॲमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी २०२५ मध्ये गुंतवणूकदारांसमोर अलेक्सा प्लस या नव्या आवृत्तीच्या संभाषणांत जाहिरातींना वाव असल्याचं सांगून टाकलं.

आपल्याकडे तर हळदीकुंकवासारखं वाण वाटणं झालं. २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या प्रश्नोत्तराच्या एआय सेवेचं वर्षाचं सभासदत्व दिलं, जिओने जेमिनीचं दीड वर्षाचं, आणि चॅटजीपीटीनेही आपली 'गो' योजना वर्षभरासाठी मोफत केली. ही मुदत संपल्यावर दर महिन्याला पैसे किती जण भरतील? मूठभर. उरलेल्या कोट्यवधींचा खर्च कुणीतरी उचलायला हवा, आणि तो उचलणारा जाहिरातदारच असणार.

आवाजातली जाहिरात मुळात वाईट असते असं मी म्हणत नाही. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे या देशात सरकारी रेडिओवरची जाहिरात सर्वांत आधी ऐकली ती महाराष्ट्राने. जिंगल लागली की लहान पोरालाही कळायचं की आता साबण विकतायत. संगीत बदलायचं, आवाज बदलायचा, बातम्या देणारा माणूस त्याच स्वरात टूथपेस्टची शिफारस करत नसे. बोलणाऱ्या यंत्राला एकच आवाज आहे. शेजारच्या गावाचं अंतर, उद्याचं हवामान आणि पैसे भरलेल्या हॉटेलाचं नाव, तिन्ही एकाच प्रेमळ स्वरात येतात. २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत गुगल होम या स्पीकरने सकाळचा दिनक्रम सांगता सांगता डिस्नेच्या नव्या चित्रपटाची माहिती मध्येच पेरली. लोक भडकले, आणि कंपनीने ही जाहिरात नव्हतीच असा खुलासा केला. पुढच्याच महिन्यात बर्गर किंगने टीव्हीवर एक जाहिरात केली, तिच्यातला माणूस मुद्दाम 'ओके गुगल' म्हणून त्यांच्या बर्गरबद्दल विचारायचा, आणि घरोघरचे स्पीकर जागे होऊन विकिपीडियाचा उतारा वाचू लागायचे. काही तासांत विकिपीडियाच्या त्या पानावर टवाळखोरांनी नको ते लिहून ठेवलं आणि गुगलने जाहिरातीतली ती हाक ओळखणंच बंद केलं. दोन्ही प्रकरणं हसण्यावारी गेली. हसण्यासारखी होतीही. पण पहिल्यातला खुलासा मला आजही बोचतो: त्याच आवाजात सांगितलेली जाहिरात ही जाहिरात नसतेच, असं म्हणायची सोय त्यात आहे.

पर्यटनाच्या गावी रिक्षात बसून 'बरं लॉज कुठलं?' विचारलं की रिक्षावाला आपल्याला नेतो तिथे त्याचं कमिशन असतं, हे आपल्याला ठाऊक असतं. ठाऊक असल्यामुळे आपण त्याच्या सांगण्यातला थोडा भाग वजा करतो. यंत्राच्या सांगण्यातून किती वजा करायचं, हे कुणी सांगितलेलं नाही.

लॉज चुकलं तर एक रात्र वाया जाते. सोयाबीनचं तसं नाही. मराठवाड्यात किंवा विदर्भात पावसाळ्यात शेंगा धरायच्या सुमाराला पानं पिवळी पडायला लागतात आणि शेतकरी फोनवर विचारतो, 'सोयाबीनवर पिवळा मोझॅक आलाय, कोणतं औषध मारू?' पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. सुरुवातीलाच रोगट झाडं उपटून नष्ट करा, पिवळे चिकट सापळे लावा, पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवा आणि ती आटोक्याबाहेर जात असेल तरच शिफारस असलेलं कीटकनाशक वापरा, हे त्याचं प्रामाणिक उत्तर. या उत्तराचा पहिला भाग आहे 'झाडं उपटा'. त्याला जाहिरातदार नाही. झाड उपटण्यावर कुणाला कमिशन मिळत नाही. उत्तराचा शेवटचा, अटीसकटचा भाग मात्र बाटलीत भरून विकता येतो. यंत्राने खोटं बोलायची गरजच नाही. त्याने फक्त शेवटचा भाग आधी सांगायचा, अट गाळायची आणि एका ब्रँडचं नाव घ्यायचं. स्क्रीनवर ही चलाखी पकडता येते, कारण खाली विद्यापीठाचं पान असतं. कानात पडलेल्या एका वाक्याखाली काही नसतं.

हे कृषी सेवा केंद्रात आजही होतंच की, असं कुणी म्हणेल. होतं. पण गावात दुकानं तीन असतात, दुकानदाराचा चेहरा ओळखीचा असतो, आणि नुकसान झालं तर बाजाराच्या दिवशी त्याला जाब विचारता येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा निदान कुणी काय विकलं याची चौकशी करता आली. यंत्राने कोणत्या शेतकऱ्याला कोणतं नाव सांगितलं, याची नोंद फक्त कंपनीकडे असेल.

ज्यांच्या मजकुरावर ही उत्तरं उभी राहतात त्यांचा प्रश्न आणखी वेगळा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठं सरकारी आहेत, त्यांना क्लिकवर पोट भरायचं नाही. मराठी वेबसाइटवाल्यांना भरायचंय. त्यांच्या पानावर गुगलमार्फत लागणाऱ्या जाहिरातीतला मोठा वाटा त्यांना मिळतो. गुगलच्या स्वतःच्या सर्चच्या पानावर लागणाऱ्या जाहिरातीतला त्यांना काहीच मिळत नाही. २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत गुगलचं सर्चचं उत्पन्न १६,२०० कोटी डॉलरवरून १९,८०० कोटींवर गेलं, आणि इतरांच्या पानांवरच्या जाहिरातींचं उत्पन्न ३,२८० कोटींवरून ३,०४० कोटींच्या आसपास उतरलं. वाटून खायचं ताट आटतंय आणि न वाटायचं भरतंय, तेही आवाजी उत्तरं सर्वदूर पोचायच्या आत. बोललेल्या उत्तरात तर पानच उघडत नाही. मजकूर वापरला जातो, वाचक येत नाही. मराठी शब्दांवरच्या बोलीला इंग्रजीइतका भाव नाही, त्यामुळे मराठी पानांची कमाई आधीच तुटपुंजी आहे. ती गेली की नवा मराठी मजकूर कोण लिहिणार, आणि मग यंत्र मराठीत उत्तर देणार कशाच्या जोरावर?

यावर ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये केला तसा कायदा करून कंपन्यांना माध्यमांशी पैशाची बोलणी करायला भाग पाडावं, असा आग्रह आपल्याकडेही धरला जातो. माझा त्याबद्दलचा उत्साह बेताचा आहे. अशा बोलण्यांत मोठ्या वृत्तसमूहांचं भागतं, जळगावातून केळीवर लिहिणाऱ्या एकट्या माणसाला कुणी टेबलावर बोलवत नाही. शिवाय पैसे घेणारी माध्यमं पैसे देणाऱ्या कंपनीबद्दल जरा मऊ लिहू लागतात, हा धोका वेगळाच.

मला त्याहून साधी आणि तातडीची गोष्ट हवी आहे: नाव उच्चारायच्या आधी 'जाहिरात' हा शब्द उच्चारला गेला पाहिजे. आधी, नंतर नाही. 'ही माहिती प्रायोजित होती' हे शेपूट कुणी ऐकत नाही, तोवर नाव डोक्यात बसलेलं असतं. तो शब्द प्रश्नाच्याच भाषेत हवा, आणि जमलं तर वेगळ्या आवाजात. विविध भारतीने हे जिंगलने साधलं होतं, त्यामुळे तांत्रिक अडचणीची सबब चालणार नाही. कायद्याचा आधारही नव्याने शोधायला नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'बद्दल, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतल्या तेरा प्रकारांत छुपी जाहिरात हा एक आहेच. बोललेल्या उत्तराला हे कसं लागू होतं, एवढं एका परिपत्रकाने स्पष्ट करता येईल. सर्चमध्ये आपल्याच गोष्टी पुढे करते म्हणून स्पर्धा आयोगाने गुगलला १३६ कोटींचा दंड केला तो २०१८ मध्ये, आणि तक्रार होती २०१२ ची. आवाजाच्या बाबतीतही सहा वर्षं थांबायचं ठरवलं, तर तोवर सवयी पक्क्या झालेल्या असतील.

काही विषयांत मात्र शब्द उच्चारूनही भागणार नाही. औषध, कीटकनाशक आणि कर्ज, या तीन बाबतींत बोललेल्या उत्तरात पैसे घेऊन नाव घेण्यावर सरळ बंदी हवी. याने कंपन्या बुडणार नाहीत. हॉटेलं, कपडे, मोबाइल, विमानाची तिकिटं, प्लंबर, सगळं त्यांना मोकळं आहे. स्क्रीनवर या तीन विषयांच्या जाहिराती खुशाल दाखवाव्यात, माणसाला वाचून ठरवता येतं.

या बंदीला विरोध कंपन्यांपेक्षा जाहिरातदारांकडून जास्त होईल असा माझा अंदाज आहे, आणि त्यांचा एक मुद्दा खराही आहे. बिनपैशाचं नाव निष्पक्ष असतं याची हमी काय? यंत्र ज्या मजकुरावर शिकलं त्यात ज्या ब्रँडचा बोलबाला, त्याचंच नाव ते घेणार, आणि असा बोलबालाही विकत घेता येतो. म्हणून कीटकनाशकाच्या प्रश्नाला ब्रँड न सांगता घटकाचं नाव आणि मात्रा सांगायची, आणि ती कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलीच, असा नियम हवा. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं देणारं महाविस्तार ॲप आणलंच आहे. त्यामागची माहिती सगळ्या बोलणाऱ्या यंत्रांना खुली करून देणं आणि हीच वापरा असं बजावणं, हे मंत्रालयाला पुढच्या खरिपाच्या आत जमण्यासारखं काम आहे.